पाकिटावरची बत्तिशी

चहाच्या त्या कंपनीत जीभरावांच्या जिभेला जेवढा मान होता, तेवढा मालकाच्या सहीलाही नव्हता. रोज सकाळी ओळीने मांडलेल्या वाट्यांमधला चहा चमच्याने फुर्रकन ओढायचा, तोंडभर फिरवायचा, पचकन थुंकायचा आणि माल पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. खरं नाव हजेरीपटावर असेल तर असेल. या नोकरीने त्यांना कमालीचा ताठा दिला होता आणि गडद तपकिरी दात. दोन्हींचा त्यांना सारखाच अभिमान. चाखणीच्या खोलीत कुणी पांढऱ्या दातांचं आलं की ते म्हणत, "अजून दुधाचेच आहेत वाटतं." त्यांच्या हाताखालची धाकटी हे बारा वर्षं ऐकत होती. तिचे दात आता चांगले बदामी झाले होते, तरी जीभरावांच्या मते ती कच्चीच होती.

मग नवे साहेब आले, ते जाहिरातीच्या धंद्यातून. चहा ते पीतच नसत. पण नव्या पाकिटावर चाखणाऱ्याचाच हसरा फोटो छापायचा, असं त्यांच्या डोक्यात आलं.

"लोकांना खरा माणूस हवा असतो," ते म्हणाले. "हसा बघू जरा."

खरा माणूस हसला. साहेबांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

"फोटोआधी दात पांढरे करून घ्या," ते म्हणाले. "खर्च कंपनी करेल."

ज्या डागांची तीस वर्षं शेखी मिरवली, त्यांच्यासाठी निदान दोन शब्द तरी बोलायला हवे होते. पण दुकानादुकानात आपला फोटो लागणार म्हटल्यावर जीभराव हरभऱ्याच्या झाडावर असे चढले की खाली बघायचं भानच राहिलं नाही.

"मी लग्न झाल्यापासून सांगतेय, चहा झाला की चूळ भरा," बायको म्हणाली. "तेव्हा माझं ऐकलं नाहीत. आता साहेबांचं ऐकताय."

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे रंगांच्या नमुन्याची पट्टी होती. एकेक नमुना दाताला लावत त्या शेवटच्यापर्यंत गेल्या आणि पट्टी खणात ठेवून दिली. "यात तुमचा रंग नाही," त्या म्हणाल्या. मग दोन दिवस खरवडणं झालं, लेप झाला, दिवा झाला. शेवटी आरशात परक्याच कुणाचीतरी बत्तिशी दिसायला लागली.

"आता पंधरा दिवस चहा बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीतर डाग लगेच धरतील."

"अहो, चहा चाखणं हीच माझी नोकरी आहे."

"मग रजा घ्या."

रजा? रजा म्हणजे पंधरा दिवस माल पास केल्याच्या कागदावर धाकटीची सही. आपल्यावाचून इथलं पानही हलत नाही, असं ते तीस वर्षं सांगत आले होते. पंधरा दिवसांत ते आरामात हललं तर? नंतर कुठल्या तोंडाने त्या खुर्चीत बसायचं?

घरी जाताना त्यांनी स्ट्रॉचं पुडकं विकत घेतलं.

दुसऱ्या दिवशी चाखणीच्या खोलीत फुर्रकन आवाज झालाच नाही. जीभराव स्ट्रॉ पार घशाजवळ नेऊन, दातांना चुकवून चहा ओढत होते. गरम लागला की दातांतून सणक जायची, म्हणून वाट्या निवू देत होते. चहा जोरात ओढला की वारा आत जातो, वास मागून नाकात चढतो आणि मालाची खोड तिथेच कळते, हा धडा नव्या माणसाला तेच तर द्यायचे. धाकटीने एकदा स्ट्रॉकडे पाहिलं आणि आपल्या वाटीत मान घातली.

बाराव्या दिवशी नव्या पाकिटांसाठीचा माल आला.

"काका, हा कुबट लागतोय," धाकटी म्हणाली. "पोत्यांना ओल लागली असणार."

जीभरावांनी स्ट्रॉ ओढली. चहाला स्ट्रॉची चव होती. खरं तर त्यांना काहीच कळलं नव्हतं, आणि आपल्याला कळत नाहीये एवढं मात्र नीट कळलं होतं. त्यांना भीती वाटली, आणि भीती वाटली की ते आवाज चढवायचे.

"तुझं नाक चोंदलंय," असं म्हणून त्यांनी सही ठोकली.

जीभरावांच्या हसऱ्या फोटोसकट पाकिटं बाजारात गेली. आठवड्याभरात तक्रारी यायला लागल्या. चहाला भिजलेल्या गोणपाटाचा वास येतो, असं एकीने लिहिलं. तिने गोणपाटाचा तुकडाही सोबत पाठवला होता.

साहेबांनी दोघांना बोलावलं. जीभरावांनी राजीनाम्याची वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. साहेब मात्र खुशीत होते.

"चहाला शिव्या घातल्यात, पण फोटो सगळ्यांना आवडलाय," ते म्हणाले. "चहा बदलता येईल. चेहरा आता बदलायचा नाही." मग धाकटीकडे वळून, "उद्यापासून त्या खुर्चीत तुम्ही बसा." आणि जीभरावांना, "तुम्ही दुकानांतून फिरायचं आणि हसायचं. पगार तोच. फक्त चहाला तोंड लावायचं नाही. दात जपा."

राजीनाम्याची वाक्यं घशातच राहिली. जीभराव हसले. हसता आता फार छान येत होतं.

महिन्याभराने एका मोठ्या दुकानात ते पाकिटांच्या ढिगाशेजारी उभे होते. हातात कप होता, कपात कोमट पाणी. शेजारच्या टेबलावर गिऱ्हाइकांसाठी चहा उकळत होता आणि त्या वासाने त्यांचा जीव कासावीस होत होता. एक बाई पाकीट हातात घेऊन त्यांच्याजवळ आल्या.

"मागच्या वेळी वास यायचा हो याला," त्या म्हणाल्या. "आता बरा आहे का? तुम्हीच चाखता ना?"

जीभरावांनी बत्तिशी दाखवली.

बाईंनी पाकिटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि समाधानाने दोन पाकिटं पिशवीत टाकली. चहा बरा होता की नव्हता, ते धाकटीला माहीत होतं.