तुळसाकाकूंची लाल गाठ

मित्रांनो, मी काथ्याचा एक जुना दोर आहे. मालगुंडजवळच्या एका वाडीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या विहिरीवर मी राहतो. तुळसाकाकूंनी नारळाची सोडणं कुजवून, कुटून मला वळलं आणि पंधरा हातांवर लाल चिंधीची गाठ मारली. कळशी पाण्याला टेकण्याआधी ती गाठ कप्पीखाली गेली, तर त्या दिवशी पाणी फक्त प्यायला, बागेला नाही.

सात घरं माझ्यावर पाणी भरत. वरच्या वाडीत टंचाई झाली की तिथल्या बायकाही येत. काय गप्पा रंगत!

मग पंप आला आणि मी पडवीतल्या खुंटीवर गेलो. तुळसाकाकूंच्या सुनेने, दर्शनाने, पर्यटकांसाठी खाणावळ काढली. त्या खाणावळीच्याच भरवशावर तिचा नवरा अनिल मुंबईची नोकरी सोडून परतला. एप्रिलात पाणी खाली गेलं, तेव्हा त्याने विहीर आणखी चार हात खोल केली. पाणी लागलं! पण आठवड्याभरात एका पाहुण्याने सोलकढीचा पेला तसाच खाली ठेवला.

तुळसाकाकूंनी घोट घेतला. "अगो दर्शना, मीठ किती घातलंस?"

"आई, मी घातलंच नाय!"

"मग दर्यानं घातलंन."

पावसाचं पाणी जांभ्या दगडातून झिरपतं आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. गोडं फार उपसलं की खारं वर येतं. अनिल तर खणत खणत त्याच्याच जवळ गेला होता.

दर्शनाला रडू आलं. मे महिन्याचे पाहुणे ठरले होते. खाणावळ बंद पडली तर अनिल पुन्हा मुंबईला जाणार.

अनिलने खणलेला तळ चिकणमातीने बुजवला आणि पंप बंद ठेवला. दुसऱ्याच सकाळी वरच्या वाडीतली कमळा चार बायकांसह भरल्या कळशा घेऊन हजर!

"यंदा आमच्या झऱ्याला पाणी आहे. इतकी वर्षं तुमचं प्यायलो, आता आमचं घे."

पाहुणे आले, जेवले. तीन आठवडे उपसा थांबल्यावर मला कप्पीवर चढवलं. कळशी पाण्याला टेकली तेव्हा लाल गाठ अजून दर्शनाच्या मुठीतच होती! तुळसाकाकूंनी ओंजळभर पाणी चाखलं.

"अगो, आता सोलकढीत मीठ घाल हो!"

विहिरीवर एकच हशा उसळला.

आजही पंपाचं बटण दाबण्याआधी मला विहिरीत सोडतात. मित्रांनो, जमिनीखालचं पाणी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर ते मोजून घ्यायचं. तुमच्या विहिरीच्या दोरालाही एक गाठ मारा आणि तिचं ऐका.