कुपी फुटली नाही

कुपी फुटायला हवी होती. ती फुटली नाही.

कोपऱ्यावरच्या लाल पत्रपेटीत ती टाकून हेस्टर चार पावलांवर उभी होती. चळवळीतल्या मिस लॅसेल्सनी कुपी देताना सांगितलं होतं, "पातळ काच आहे. खाली लोखंडावर पडली की फुटेल, हवा लागली की आतलं पेट घेईल. कागद जळतील, माणूस नाही." वर हेही बजावलं होतं, की पकडली गेलीस तर तुरुंगात अन्नाला शिवायचं नाही. हेस्टर "हो" म्हणाली होती. पण शेजारच्या मागावरची बर्था तुरुंगातून आली तेव्हा तिच्या तोंडून धड आवाज फुटत नव्हता. उपास मोडायला नाकातून नळी घालून पोटात दूध ओतलं होतं तिच्या.

आता ना धूर, ना वास. पावणेतीनला ईनॉककाका पत्रं काढायला येणार, आणि आत घालणार ते उघडा हात!

"हेस्टर, अगं, आज गिरणीला दांडी?"

मिसेस रिडयार्ड. बायकांना मत मिळावं म्हणून झटणाऱ्यांतल्या अर्जवाल्यांच्या पुढारी. हेस्टरला लिहायला-वाचायला यांनीच शिकवलं, आणि ती मिस लॅसेल्सच्या दगडफेकवाल्यांत गेली तेव्हा वर्षभर बोलल्या नाहीत. त्यांच्या काखेत पाकिटांचा गठ्ठा होता.

"सकाळपासून तिसरी फेरी. गिरणीतल्या बायकांची पत्रं, आपल्या खासदाराला. पेटी अगदी गळ्यापर्यंत भरलीय बघ."

हेस्टरला उमगलं. कुपी पत्रांच्या गादीवर पडली होती तर! बर्थाच्या आईचंही पत्र असेल त्यात.

"बाई, हात घालू नका!"

मिसेस रिडयार्डनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. "मूर्ख पोरी," त्या हळूच म्हणाल्या. मग घाईने, "जा तू. मी सांगते त्याला."

"आणि कुणी टाकलं विचारलं तर?"

"खोटं मी बोलत नाही. पण तोवर तू लांब गेलेली असशील."

पळावं, असं हेस्टरला फार फार वाटलं. गल्ली मोकळी होती. पण पिशवी खांद्याला लावून ईनॉककाका शीळ घालत आलेच. किल्ली फिरली, दार उघडलं.

"थांबा! आत काच आहे. हाताला आग लागेल. मीच टाकलीय."

म्हाताऱ्याचा हात हवेतच राहिला. मग त्याने एकेक पत्र दोन बोटांनी उचलून बाहेर ठेवलं. कुपी अखंड निघाली. ती त्याने शेजारच्या दारातल्या पाण्याच्या बादलीत अलगद सोडली आणि आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहत बसला.

"मत मलाही नाही गं, पोरी," तो म्हणाला. "भाड्याच्या खोलीत राहतो मी, असल्यांना कोण देतंय मत? माझ्यावर कसला राग?"

हेस्टरला रडू कोसळलं. गल्लीच्या टोकाकडून पोलीस शिपाई येताना दिसला तशी ती मिसेस रिडयार्डना बिलगली.

"उपास करू नकोस," त्या म्हणाल्या. "माझं ऐक."

"बाकीच्या करतात ना. मी एकटी जेवू?" हेस्टर म्हणाली. "बाई, नळी घालताना फार दुखतं का हो?"

वीस वर्षं भाषणं करणाऱ्या, कुणाच्याही प्रश्नाला न अडलेल्या मिसेस रिडयार्डनी मान खाली घातली.

"मला माहीत नाही, बाळ," त्या म्हणाल्या. "मी कधी तुरुंगात गेलेच नाही."