रुमाल टाकून

सरकारला काटकसर सुचली की ती नेमकी जुल्फिकारच्या डोक्यावर येऊन बसायची. प्रदूषण तपासणाऱ्या खात्याच्या महाडातल्या कचेरीत तो पाण्याचे नमुने गोळा करायचा. आधी डिझेलची तरतूद संपली आणि जीप आवारात उभी राहिली, इतकी की शेजारच्या कोंबड्या तिच्यावर अंडी घालायला लागल्या. मग जोडीदार सयाजी निवृत्त झाला. त्याची जागा भरायची नाही, असा वरून कागद आला.

माणसं कमी झाली, नियम मात्र तसूभर कमी झाले नाहीत. नमुना दोघांनी घ्यायचा, लाखेनं सील करायचा, बर्फाच्या पेटीत घालून दुसऱ्या दिवसाच्या आत मुंबईकडच्या प्रयोगशाळेत पोचवायचा. फॉर्मवर 'सोबतचा कर्मचारी' असा रकाना होता. जुल्फिकार तिथे 'कोणी नाही' असं लिहायचा. घरी तरी कोण होतं? बायको झुबेदा जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा सोहेल कुवेतला. दोन माणसांचा भात टाकायची सवय मोडायलाच त्याला वर्ष लागलं होतं.

अठ्ठ्याण्णव साली त्यानं बनुबाईच्या विहिरीचा नमुना घेतला. कारखान्याचा नाला तिच्या वाडीला लागून वाहायचा आणि विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं लाल झालं होतं. दोन वर्षं ती बाई अर्ज करून थकली होती, लांबून हंडे आणून तिची मान दुखायची. "आता तरी काय होईल ना, भाई?" तिनं विचारलं. "होईल," जुल्फिकार म्हणाला आणि पेटी घेऊन एसटीत बसला.

माणगावला गाडी दहा मिनिटं थांबली. जुल्फिकारला साखरेचा आजार, उतरणं भागच होतं. जड पेटी कुठे नाचवत न्यायची? त्यानं ती सीटवर ठेवली आणि आपण सगळेच ठेवतो तसा वर रुमाल टाकला. परत आला तेव्हा रुमाल जागेवर, पेटी जागेवर. प्रयोगशाळेनं अहवालात पाणी विषारी असल्याचं लिहिलं आणि खाली एक ओळ जोडली, की सील तडकलेलं आहे. रस्त्याचे खड्डे, आणखी काय? पण खड्डे काही कोर्टात साक्ष द्यायला येत नाहीत.

खात्यानं कारखान्यावर दावा लावला आणि तीन वर्षांनी महाडच्या कोर्टात जुल्फिकारची साक्ष निघाली. सकाळी सरकारी वकील त्याला व्हरांड्यात म्हणाले, "पेटी मांडीवरून हलली नाही, एवढंच म्हणा. बाकी मी बघतो."

कारखान्याचे वकील फार गोड बोलणारे होते. "माणगावला तुम्ही उतरलात?"

"उतरलो."

"तेव्हा पेटीजवळ कोण होतं?"

मागच्या बाकावर बनुबाई बसली होती. एक खोटा शब्द टाकला असता तर तिचं काम झालं असतं. पण शपथ घेतलेली, आणि असल्या बाबतीत जुल्फिकार भलताच हट्टी.

"कोणी नाही. रुमाल टाकला होता."

कोर्ट हसलं. कारकूनसुद्धा हसला मेला. महिन्याभरानं निकाल लागला: नमुन्यात फेरफार झाला नाही याचा पुरावा नाही, दावा फेटाळण्यात येत आहे.

बाहेर पायऱ्यांवर त्याला बनुबाईकडे बघवेना. तीच जवळ आली.

"भाई, खोटं नाय बोललात, बरं केलंत. पण येस्टीत बसताना मला हाक का नाय मारलीत? माझ्या विहिरीचं पाणी होतं. मी आले असते की मांडीवर घेऊन, पार मुंबयपर्यंत."

जुल्फिकारला एकट्यानं करायची इतकी सवय जडली होती, की कुणाला हाक मारता येते हेच तो विसरला होता. त्याला स्वतःचीच कीव आली.

"पावसाळ्यानंतर पुन्हा नमुना घेऊ," तो म्हणाला. "तेव्हा हाक मारीन."

पावसाळा सरला आणि कागद आला. निधी अपुरा असल्यानं, कोर्टात प्रदूषण सिद्ध न झालेल्या ठिकाणी पुन्हा खर्च करू नये. साहेबांनी न बघताच सही केली होती.

टपालानं कळवता आलं असतं, पण ते त्याला पटेना. तो चालतच वाडीवर गेला. बनुबाईनं त्याला लांबूनच पाहिलं असणार. तो अंगणात पोचेपर्यंत ती नवं लुगडं नेसून, फडक्यात भाकऱ्या बांधून बाहेर आलीसुद्धा. चार भाकऱ्या होत्या, दोघांच्या.

"चला," ती म्हणाली. मग तिची नजर त्याच्या रिकाम्या हातांवर गेली. "पेटी कुठं हाय, भाई?"

भरल्या कोर्टात खरं बोलताना जे तोंड अडखळलं नव्हतं, ते आता उघडेना.