चारही मूळची

"हे हँडल मूळचं का?" परीक्षकांनी फियाटच्या मागच्या दारातून डोकं आत घालून विचारलं.

"चारही मूळची," अनिरुद्ध केतकर म्हणाले. "वडिलांनी गाडी फार जपली होती."

वडिलांनी फार जपलेल्या या गाडीत सहा वर्षांपूर्वी मांजर व्यायली होती. केतकरांच्या एरंडवण्यातल्या बंगल्यामागे ताडपत्रीखाली गाडी वीस वर्षं उभी होती. टायर मातीत रुतलेले, सीटमधून काथ्या बाहेर आलेला, आणि काचा खालीवर करायच्या चार हँडलांपैकी तीन बेपत्ता. बापूराव मेश्रामांना हे ठाऊक होतं, कारण ती तीन हँडलं त्यांच्याच घरी तयार झाली होती. ते आत्ता गाडीशेजारीच उभे होते, हातात पॉलिशचं फडकं घेऊन.

बापूराव भंडाऱ्याकडचे. विसाव्या वर्षी पुण्यात आले आणि खडकीच्या कारखान्यात फिटर म्हणून चिकटले ते थेट निवृत्तीपर्यंत. निवृत्त झाल्यावर काहीजण देवदेव करतात, काही बायकोच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. बापूराव दर रविवारी जुन्या बाजारात जायला लागले. मोडकं यंत्र आणायचं, उघडायचं, चालू करायचं आणि कुणाला तरी देऊन टाकायचं. घरात जागा नव्हती म्हणून देऊन टाकायचं, नाहीतर बापूरावांनी एकही सोडलं नसतं.

तिथेच एका रविवारी फियाटच्या एकाच कार्ब्युरेटरवर दोन हात पडले. दुसरा हात केतकरांचा. केतकर मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, इंग्रजी पुस्तकं वाचून गाडी दुरुस्त करू पाहणारे. मेश्राम हे आडनाव ऐकून त्यांनी "नागपूरकडचे का?" एवढंच विचारलं. पुढचं, ज्याची बापूरावांना चाळीस वर्षांची सवय होती, ते काहीच विचारलं नाही. कार्ब्युरेटर बापूरावांनी त्याच दुपारी केतकरांच्या गॅरेजमध्ये साफ केला. केतकरांच्या घरातल्यांच्याच कपात चहा आला. बापूराव तिथेच त्यांचे झाले.

त्यानंतरच्या सहा वर्षांत एकही रविवार चुकला नाही. इंजिन उतरवलं, पत्रा बदलला, वायरिंग नव्याने ओढलं. केतकर पुस्तकातून वाचून दाखवत आणि बापूराव त्यातलं निम्मं खोडून काढत. भांडणं झाली, मग गॅरेजच्या ओट्यावर बसून वडे खाल्ले. केतकर म्हणायचे, "बापूराव, गाडी पूर्ण झाली की प्रदर्शनात लावायची. आणि पाटीवर दोघांची नावं." हे बापूरावांनी बायकोला, कौसल्याबाईंना सांगितलं, कौसल्याबाईंनी सगळ्या गल्लीला.

हँडलांचं काम सर्वांत किचकट होतं. उरलेलं एक नमुना म्हणून समोर ठेवायचं आणि पितळ कानशीने घासत घासत तसंच दुसरं करायचं. गॅलरीत टेबलाला शिकंजा लावून बापूरावांनी दोन केली. तिसरं त्यांच्या मुलीने, आम्रपालीने केलं. ती एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला. संध्याकाळी घरी आली की हात धुऊन कानस घ्यायची. बापूरावांनी तिचं हँडल दोनदा नापास केलं, कारण त्यांचा हिशेब केसाच्या जाडीचा. तिसऱ्यांदा त्यांनी ते हातात फिरवलं, नमुन्याशेजारी ठेवलं आणि काही न बोलता चहा प्यायला गेले. आम्रपालीने आईला सांगितलं, पास झालं.

प्रदर्शनात दोन गट होते. एक दुरुस्त केलेल्या गाड्यांचा, दुसरा सगळे भाग मूळचेच असलेल्या गाड्यांचा. मान दुसऱ्याला जास्त. बापूरावांनी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं की आपली गाडी पहिल्या गटात घाला. केतकर "बघू" म्हणाले होते. पुण्यात "बघू" म्हणजे काय, ते एवढी वर्षं राहूनही बापूरावांना कळलं नव्हतं.

आज सकाळी कॅम्पातल्या मैदानावर आल्या आल्या त्यांनी बॉनेटसमोरची पाटी वाचली. मूळ भागांचा गट. मालक व जीर्णोद्धार: अनिरुद्ध केतकर. त्यांनी पुन्हा वाचली.

"अहो, फॉर्मला एकच रकाना होता," केतकर म्हणाले. "पुढच्या वर्षी करू काहीतरी."

बापूरावांना कुणीतरी गर्दीत धक्का मारून पुढे जावं तसं झालं. आत फार लागलं. अकरा वाजता बायको आणि मुलगी यायची होती, ती पाटी बघायलाच. निघून जावं असं मनात आलं, पण बंपरवर बोटांचे ठसे दिसले आणि हात आपसूक फडक्याकडे गेला.

आता परीक्षक हँडलावरून अंगठा फिरवत होते. त्यांना काहीतरी खटकत होतं.

"आणि हे कोण?" त्यांनी बापूरावांकडे बघून विचारलं.

बापूरावांनी तोंड उघडण्याआधीच केतकर म्हणाले, "आमचे मिस्त्री. रविवारी येतात."

मिस्त्री म्हणवून घ्यायला बापूरावांची कधीच ना नव्हती. कारखान्यात त्यांनी याहून वाईट हाका ऐकल्या होत्या आणि हसून सोडल्या होत्या. पण इथे सहा वर्षांचे रविवार, ते वडे, तो चहा, सगळं त्या एका वाक्यात बाहेरच्या नळावर धुऊन टाकलं गेलं.

"काय मिस्त्री, चारही मूळची?" परीक्षकांनी विचारलं.

तेवढ्यात कौसल्याबाई आणि आम्रपाली गर्दीतून वाट काढत येऊन पोचल्या. कौसल्याबाई नवी साडी नेसलेल्या. केतकर बापूरावांकडे बघत होते. त्या नजरेत विनवणी होती. सहा वर्षांत या माणसाने आपल्याकडे असं कधी काही मागितलं नव्हतं, आणि एवढं होऊनही बापूरावांना नाही म्हणता आलं नाही. ज्या माणसाने कारखान्यात कधी खोट्या मापावर सही केली नव्हती, तो म्हणाला, "हो. मूळचीच."

"बाबा?" आम्रपाली पुढे आली. "काय बोलताय तुम्ही? मागचं डावं हँडल मी केलंय."

परीक्षकांचं पेन थांबलं. "या कोण?"

"मुलगी माझी," बापूराव म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "तिला गाड्यांतलं काही कळत नाही."

परीक्षक हसले, कागदावर खूण केली आणि पुढच्या गाडीकडे गेले. आम्रपाली वडिलांकडे बघत राहिली. कौसल्याबाई हळूच म्हणाल्या, "काय करून राहिले तुम्ही?" बापूराव काच पुसत राहिले, पुसायला काही नसताना.

गाडीला पहिलं बक्षीस मिळालं. केतकरांनी मंचावरून वडिलांचे आभार मानले, पत्नीचे मानले, आणि ज्यांचे ज्यांचे हात लागले त्या सगळ्यांचे मानले. खाली उतरल्यावर ते बापूरावांपाशी आले. "वाचवलंत, बापूराव. रविवारी या, सायलेन्सर वाजतोय."

"पाटीवर ज्याचं नाव आहे, त्याला बघू द्या सायलेन्सर," बापूराव म्हणाले आणि फडकं घडी करून बॉनेटवर ठेवलं. केतकर काहीतरी बोलत होते, ते ऐकायला ते थांबले नाहीत. हे वाक्य तासाभरापूर्वी तोंडातून निघायला हवं होतं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. आम्रपालीने तिघांची तिकिटं काढली आणि आईशेजारी बसली. बापूराव मागच्या सीटवर. बस नदीवरच्या पुलावर चढली.

"आमू," ते पुढे वाकून म्हणाले, "त्या वेळी मला काही सुचलंच नाही गं. तो माणूस माझा आहे असं वाटायचं मला."

तिने मान वळवली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज साधा होता.

"त्यांनी तुमचं नाव गाळलं, बाबा. आणि तुम्ही माझं."

बापूरावांनी पुढच्या सीटवरचा हात काढला. ते मागे टेकले.

खडकी बाजार आला. आम्रपाली आधी उतरली आणि वळून आईला हात दिला. वडिलांचे गुडघे दुखायला लागल्यापासून ती त्यांनाही असाच हात देत असे. आज ती आईची पिशवी घेऊन चालायला लागली. बापूराव दांडा धरून एकेक पायरी सावकाश उतरले.