खळं पडलं का?

नोरीन फॅलनने ऐंशी ओलांडली होती, तरी बॉस्टनच्या त्या प्रयोगशाळेतली ऊब तिच्या हातांना अजून आठवे. फलित अंडी फोडून ती अलगद बशीत सोडायची. ऊबपेटीत बशीतल्या बशीत पिल्लू वाढे, त्याच्यावरच्या पातळ पडद्यावर तांबड्या रक्तवाहिन्या पसरत आणि इवलंसं काळीज टुकटुक उडताना दिसे. डॉक्टर आर्किन रोज दारातूनच ओरडायचे, "नोरीन, खळं पडलं का?"

कर्करोगाच्या गाठीला वाढायला रक्त लागतं. तिच्याकडे धावणाऱ्या नव्या वाहिन्याच अडवल्या, तर ती टाचणीच्या टोकाएवढीच राहील, असा त्यांचा ध्यास. कूर्चेत रक्तवाहिन्या शिरत नाहीत, म्हणून वासराच्या कूर्चेचा अर्क भरलेली चकती पडद्यावर ठेवायची. वाहिन्या चकतीच्या अलीकडेच थबकल्या, की चंद्राला पडतं तसं मोकळं खळं दिसे. सगळे हसायचे त्यांना. किती छान दिवस होते ते!

एका हिवाळ्यात अनुदान समितीचे प्रोफेसर हॅस्कल आले. प्रयोगशाळा राहणार की बंद होणार, ते त्यांच्या शब्दावर होतं. आर्किनांचे ते जुने वर्गमित्र.

"अरे, विष घातलं तरी असंच खळं पडेल," ते भिंगातून बघत म्हणाले. "तू वाहिन्या थांबवल्या नाहीस, मारल्यास."

"पिल्लू जिवंत आहे की!"

"ते पलीकडे आहे. इथलं बोल. सोमवारी येतो."

ते गेल्यावर आर्किन पुन्हा बशीकडे वळले. मग म्हणाले, "नोरीन, चकती काढ."

"अहो डॉक्टर, इतकं सुरेख खळं!"

"काढ म्हणतो ना!"

तिने जीव मुठीत धरून चिमट्याने चकती उचलली.

रविवारी चर्चमधून ती थेट प्रयोगशाळेत आली. आर्किन ओल्या बुटांनिशी भिंगावर वाकले होते. रिकाम्या खळ्यात केसासारखी एक तांबडी रेघ शिरत होती. अर्क सरताच वाहिन्या पुन्हा वाढू लागल्या होत्या. मेल्या नव्हत्या, नुसत्या थांबल्या होत्या.

"या गं बायांनो, या!" डॉक्टर पुटपुटत होते. जन्मभर ज्यांना अडवायला निघाले, त्यांनाच!

"नजर लावू नका," नोरीन म्हणाली, आणि दोघंही हसत सुटले.

सोमवारी हॅस्कल भिंगावरून बराच वेळ हलले नाहीत. मग कोट काढून त्यांनी खुंटीला अडकवला.

"खुर्ची दे रे," ते म्हणाले. "आता पहिल्यापासून सांग."