रिकामं म्यान

मूठ हातात आली आणि बोटं आपसूक मिटली. भूर्जाच्या गाठीच्या लाकडाची, पिवळसर, आतून तपकिरी रेषा वाहत गेलेली, पोटाशी किंचित फुगीर मूठ... आणि इर्याला वाटलं, हे काय, हिला माझा तळहात कुणी सांगितला? कुणीतरी पाहत असल्यासारखी तिने ती सुरी घाईघाईने काउंटरवर ठेवून दिली. पाहत होतीच — हेल्वी, दुकानाची मालकीण, तिची शाळेपासूनची मैत्रीण, कॉफीचा कप तोंडाशी धरून.

"ठेवलीस का गं? चावली की काय?"

"लहान आहे ही."

"कोणाला लहान?"

इर्याने दुसरी उचलली. हाच प्रश्न घेऊन तर ती सकाळपासून फिरत होती. सकाळी ताउनो, तिचा नवरा, कमरेचा पट्टा आवळता आवळता म्हणाला होता, "गावात चाललीच आहेस, तर एक सुरी बघून ये. मासे साफ करायला, रानात न्यायला. एकच आण, पण चांगली." कोणासाठी ते बोलला नाही. तिनेही विचारलं नाही. त्या घरात कॉफी हवी का एवढंच विचारतात, बाकीचं ज्याचं त्याने ओळखायचं... आणि इतकी वर्षं ओळखत आलेच की मी! पण आज काही केल्या ओळखू येईना. त्याच्या हाताच्या मापाची नेली, तर काही झालंच नाही असं होईल, मासे पूर्वीसारखे तोच कापणार. माझ्या हाताच्या मापाची नेली, तर — तर तोंडावर सांगितल्यासारखं होईल की बाबा रे, तुझा हात आता गेला.

गेल्या आठवड्यात होडीत त्याची जुनी सुरी, घासून घासून निमुळती झालेली, बोटांतून निसटली, होडीच्या कडेवर टणकन वाजली आणि तळ्यात गेली. "मासा फार बुळबुळीत होता," तो म्हणाला. "हो ना, फारच," ती म्हणाली. थरथरणारा हात तिने पाहिला होता. हल्ली कॉफीच्या कपालाही तो दोन्ही हात लावतो, थंडी नसताना. तळ्याचं पाणी चहासारखं, हातभर खालचं दिसत नाही, तरी दोघंही कितीतरी वेळ वाकून पाण्यात बघत बसले, एकमेकांकडे बघायला लागू नये म्हणून.

"ही बघ, रबरी मुठीची," हेल्वीने भडक नारिंगी सुरी पुढे सरकवली. "ओल्या हातातूनही सटकत नाही. आणि बोटांपुढे हा अडसर, म्हणजे हात पात्यावर जायला नको."

शहाण्या माणसाने हीच घेतली असती. पण ताउनोच्या हातात ही द्यायची... लहान मुलाला टोपणाचा कप देतात तशी? तो 'छान आहे' म्हणेल. तेवढंच म्हणेल, आणि ते 'छान आहे' मला ऐकवणार नाही.

तिने ती बाजूला केली. मग शिंगाच्या मुठीची, मग लांब पात्याची, मग पुन्हा एक जाड मुठीची... आणि या उचलठेवीत कधीतरी ती ताउनोला विसरलीच. लांब पातं अळंबीला काय कामाचं? जाड पाठ रानात बरी, पण माशाच्या पोटात नको. गंजणारं साधं पोलाद बरं की न गंजणारं? हे तिने विचारलं, हेल्वी सांगत गेली, तिने आणखी विचारलं. मला हे सगळं जाणून घ्यायचं होतं की काय? जन्मभर त्याच्यापुढे माशांची बादली धरून बसले, आणि मला सुरी हवीशी वाटते हे मला ठाऊकच नव्हतं? ती आनंदली, आणि लगेच तिला लाज वाटली... नवऱ्याचा हात लुळा पडतोय आणि ही बाई खेळण्याच्या दुकानात शिरल्यासारखी!

"त्याचं म्यान तरी आहे का, की तेही बुडवलं?" हेल्वीने विचारलं; जुनी सुरी तळ्यात गेल्याचं इर्याने आल्याआल्याच सांगितलं होतं.

"आहे. रिकामंच पट्ट्याला लावून फिरतो."

"अगं बाई! लग्नाळू पोरीसारखा!"

दोघी खळखळून हसल्या. पूर्वी इकडे लग्नाची मुलगी कमरेला रिकामं म्यान लावायची; ज्याला ती आवडली त्याने आपली सुरी त्यात सरकवायची. ठेवून घेतली तर होकार, परत केली तर नकार. इर्याच्या तरुणपणी ही चाल नाचाच्या पोशाखापुरती उरली होती, पण भर उन्हाळ्यातल्या शेकोटीच्या सणाला ताउनोने खरंच आपली सुरी तिच्या म्यानात सरकवली आणि लाल होऊन निघून गेला. मग आठवडाभर काही ना काही उसनं मागायला घरी येत राहिला, एकदा करवत, एकदा दोरी... आणि तिने मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. फार मजेत गेला होता तो आठवडा.

हसता हसता ती थांबली. भूर्जाच्या मुठीची सुरी तिने परत उचलली.

"हीच दे."

घरी पोचली तेव्हा ताउनो सौनात, अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघरात होता. कपडे बाहेर खुंटीला, पट्टाही. तिने कागद सोडवला आणि सुरी त्याच्या म्यानात सरकवली. म्यान मोठ्या मुठीला सरावलेलं, ही जरा ढिली बसली, पण बसली. सुरी माझी, म्यान तुझं. ठेवून घेतोस का?

ती पायरीवर बसली. आत तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला, मग त्याचं खोकणं. आता बाहेर येईल, पट्ट्याला हात लावेल, आणि... पुढचं तिला दिसेना. कप उचलायच्या आधी ज्याची तहान ओळखायची, त्या माणसाच्या मनात काय येईल हे तिला खरोखर माहीत नव्हतं, आणि तिला ते जाणून घ्यायचं होतं. होकाराची वाट पाहत तो उसनवारीचा आठवडा ताउनोने कसा काढला असेल, हे आजवर आपण त्याला कधी विचारलंच नाही, असं तिच्या मनात आलं.