तेवीस पाकिटं

खालची पापणी बोटाने हलकेच ओढली की आतली कड लालसर दिसायला हवी. या मुलीची कड कणकेच्या गोळ्यासारखी फिकट होती. त्यात नवल नव्हतं. धुळ्याच्या त्या दवाखान्यात तपासणीला येणाऱ्या गरोदर बायकांपैकी निम्म्याअधिक जणींची तशीच असते. मोहिनीचं बोट थांबलं ते डोळ्याच्या पांढऱ्या भागामुळे. नाकाकडच्या कोपऱ्यात तो लिंबाच्या सालीच्या आतल्या बाजूइतका, अगदी किंचित, पिवळा होता. तिने मुलीचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवून पुन्हा पाहिलं. पिवळाच.

"कावीळ झाली होती का गं कधी?"

"होते अधूनमधून. मग आपोआप उतरते."

"हिमोग्लोबिन सात पॉइंट एक," टेबलापलीकडून डॉक्टर कामिनी म्हणाल्या. "चार महिने लोहाच्या गोळ्या चालू आहेत म्हणे, आणि आकडा जागचा हलत नाही. गोळ्या कोंबड्यांना घालते की काय?"

"कोंबड्यासले कसाले घाली?" मुलीची सासू मोतीबाई पुढे सरसावली. "मी सोता देस तिले, पाणीना गिलास हातमा दीसन. गोळीनं काही नही शे डाक्टरीनबाई, पोरगीच आळशी शे. थंडी पडनी का गुडघा दुखतस, कापूस येचाले चल म्हनं का हात दुखतस. म्हतारी मी, आनि दुखनं हिले!"

ती हसून बोलली, पण हसण्यात काटा होता. मुलीने मान खाली घातली. तिला हे रोजचंच असावं.

मोहिनी नर्सिंग कॉलेजात शिकवायची आणि मंगळवार-शुक्रवार या ओपीडीत बसायची. थंडीत दुखणारे सांधे, न वाढणारं रक्त, येऊन जाणारी कावीळ. विद्यार्थिनींना ती फळ्यावर हेच तिन्ही एकाखाली एक लिहून दाखवायची. तिने गरोदरपणाचं कार्ड उलटलं. गावच्या नर्सने निळ्या शाईत नीट लिहिलं होतं : सिकलसेल – पूर्वी तपासणी झाली, आजार नाही.

"ही तपासणी कुठे झाली?"

"शाळेत." मुलीने पहिल्यांदा मान वर केली आणि चक्क हसली. "मॅडम, ओळखलं नाही का? तुम्हीच तर केली होती! पिंपळनेरकडची आमची आश्रमशाळा. मी नववीत होते. रक्त बघून चक्कर आली, तर तुम्ही मांडीवर डोकं घेऊन बिस्किट भरवलं होतं मला. शीतल."

मोहिनीने ओळखलं. चेहरा नाही, नाव. ते तिने स्वतःच्या हाताने एका पाकिटावर लिहिलं होतं.

सात वर्षं झाली त्याला. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तिने त्या शाळेतल्या एकशे शहाऐंशी मुलामुलींचं रक्त सिकलसेल या आनुवंशिक आजारासाठी तपासलं होतं. प्रार्थनेच्या मैदानात सगळ्यांना बसवून तिने सांगितलं होतं, "ज्याच्या रक्तात काही निघेल त्याच्या घरी चिठ्ठी येईल. चिठ्ठी आली नाही तर काळजीचं काही कारण नाही." तेवीस जणांच्या रक्तात निघालं. एकवीस नुसते वाहक. त्यांना स्वतःला त्रास नव्हता, पण दोन वाहकांचं लग्न झालं तर मूल आजारी निघू शकतं. दोघांना प्रत्यक्ष आजार. त्या दोघांतली एक शीतल.

पक्का निकाल हाती आला तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. चिठ्ठ्या लिहून झाल्या होत्या. चुडामण सर, तिचे मार्गदर्शक, म्हणाले, "आधी प्रबंध दे, मुली. नुसती चिठ्ठी धाडलीस तर घाबरतील लोक. जूनमध्ये जाऊन समजावून सांगू." जूनमध्ये तिची तोंडी परीक्षा होती. मग नोकरी, मग बोदवडला आईचं आजारपण, मग लग्न. प्रबंधाला पहिला क्रमांक मिळाला, निबंध छापून आला. त्यात बारा पूर्णांक चार टक्के हा आकडा ठळक होता. पाकिटं मात्र कपाटात राहिली. दर दिवाळीच्या साफसफाईत ती काढायची, वरची धूळ पुसायची आणि परत ठेवायची. आता इतक्या वर्षांनी पाठवली तर पहिला प्रश्न येईल, आजवर का नाही सांगितलं, हे तिला ठाऊक होतं. पण ती गप्प राहिली म्हणजे नुसतं सांगायचं राहून गेलं, अशीच तिची समजूत होती. कुणी त्या गप्प राहण्याचाच निकाल म्हणून भरवसा धरला असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"गावात मागे सिकलसेलचं शिबिर झालं," शीतल सांगत होती. "मी गेलेच नाही. म्हटलं आपलं झालंय, मोठ्या मॅडमनी केलंय. ह्यांचंही झालंय. हे दहावीत होते तेव्हा, त्याच शाळेत. आमचं लग्न जमवताना मामांनी मुद्दाम विचारलं होतं, चिठ्ठी आली का म्हणून."

"दोन्हीसले चिट्ठी नही उनी," मोतीबाईने बोटं नाचवत साक्ष दिली. "मंग आम्हले वाटनं, काहीच नही शे. करी टाकं लगीन."

कार्डावर नवऱ्याचं नाव होतं, ईश्वर. मोहिनीला पाकीट आठवलं. एकवीस वाहकांतलं.

"मोहिनी मॅडम," डॉक्टर कामिनी म्हणाल्या, "पूर्वी केलेली चाचणी चुकूही शकते. परत पाठवू या का रक्त? संध्याकाळी निकाल येईल."

किती सोपं होतं! कागदावर एक ओळ लिहायची. संध्याकाळी आजार सापडेल, उद्यापासून उपचार सुरू होतील, शीतलला जे मिळायला हवं ते सगळं मिळेल. शाळेतली चाचणी चुकली असेल म्हणून सगळे मान डोलावतील. चाचणीच चुकली म्हटल्यावर माणसाला कोण विचारतो? मोहिनीने पेन उचललं. अर्जावर शीतलचं नाव लिहिलं, वय लिहिलं, बावीस.

"पुन्हा कसाले टोचतस बिचारीले?" मोतीबाई कुरकुरली, आणि मग एकदम आवाज खाली आणून, घरची गोड बातमी सांगावी तशी म्हणाली, "मॅडमबाई, फागुनमा या आमना घर. धाकला रुपचंदनं लगीन शे. पोरगीबी तुमनीच शाळानी शे. बठ्ठा तुमना तपासेल! काही काळजीच नही."

सगळे तिनेच तपासलेले! पेन कागदावरच थांबलं. रुपचंदचं पाकीट होतं. मुलीचं होतं की नव्हतं, ते नाव ऐकल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि ते नाव विचारायचं धाडस तिला होईना. शीतलचं रक्त संध्याकाळपर्यंत बोलेल. बाकी बावीस जणांचं कोण बोलणार? ते तर चिठ्ठी आली नाही म्हणून निर्धास्त लग्नं जमवत होते.

तिने खुर्ची ओढून शीतलच्या समोर घेतली.

"शीतल, तुझ्या तब्येतीचं बोलायचं आहे. सासूबाईंसमोर बोललं तर चालेल?"

"बोला ना. त्या काय परक्या आहेत?" मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. "काय झालं, मॅडम?"

डॉक्टर कामिनींनीही लिहिणं थांबवलं. बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. मोहिनीने सात वर्षं मनात हे वाक्य नाना तऱ्हांनी जुळवलं होतं. त्यातलं एकही आता आठवेना.

"चाचणी चुकली नव्हती," ती म्हणाली. "तुझ्या रक्तात सिकलसेलचा आजार आहे, तो तेव्हाच निघाला होता. मला माहीत होतं, आणि मी तुला कळवलं नाही. चूक माझी आहे. असे आणखी बावीस जण आहेत. त्यांच्या घरी मी स्वतः जाणार आहे, एकेकाला सांगायला, उद्यापासून."